वायूची साक्ष वायूच देतो

१८६४ साली विल्यम बॅरेट या तरुणाने माणसाच्या उच्छ्वासाविषयी एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. बॅरेट लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडलचा सहायक होता. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड किती असतो, हे तेव्हाच्या रसायनशास्त्रज्ञांना चांगलं मोजता येत होतं. हवा कॉस्टिक पोटॅशमधून न्यायची, पोटॅश तो वायू शोषून घेतो, मग वजनात वा आकारमानात पडलेला फरक मोजायचा. काम खात्रीचं, पण वेळखाऊ. बॅरेटने पोटॅशला हातच लावला नाही. त्याने कार्बन मोनॉक्साइडची निळी ज्योत पेटवली, तिची उष्णता एका नळीतून पार जाऊ दिली, नळीत उच्छ्वास भरला आणि पलीकडे उष्णता किती कमी पोचते ते पाहिलं. आलेले आकडे रासायनिक पृथक्करणाच्या आकड्यांशी जवळजवळ जुळले.

ज्योत कार्बन मोनॉक्साइडचीच का? हा वायू जळला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तोही तापलेला. तापलेला कार्बन डायऑक्साइड ठरावीक अदृश्य उष्णताकिरण बाहेर टाकतो आणि थंड कार्बन डायऑक्साइड नेमके तेच किरण गिळतो. म्हणजे दिवा त्याच वायूचा आणि अडवणाराही तोच वायू. मधल्या ऑक्सिजन-नायट्रोजनशी या किरणांचं काही देणंघेणं नाही. टिंडलच्या प्रयोगांतून हे दिसलं होतं, बॅरेटने त्याचं मोजमाप केलं.

इन्फ्रारेड गॅस अ‍ॅनालायझरचा इतिहास सहसा १९३८ च्या जर्मनीपासून सांगितला जातो. यंत्र तिथे जन्मलं हे खरं आहे. पण एखाद्या वायूला शोधायचं तर त्याच वायूला साक्षीला बोलवायचं, हा या यंत्राचा प्राण आहे, आणि तो मला बॅरेटच्या त्या निळ्या ज्योतीत दिसतो. म्हणून ही कुळकथा मी तिथून मोजतो.

त्याच्याही आधीची पिढी टिंडलची. सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे पण थर्मामीटर तापवणारे किरण आहेत, हे विल्यम हर्शेलने १८०० साली दाखवून दिलं होतं. पुढे नोबिली आणि मेल्लोनी या इटालियन शास्त्रज्ञांनी थर्मोपाइल तयार केलं. दोन धातूंचे सांधे जोडून केलेलं हे साधन उष्णता पडली की किंचित वीजप्रवाह देतं. त्याला गॅल्व्हानोमीटर जोडला की सुई हलते. घन आणि द्रव पदार्थांतून हे किरण किती पार जातात, हे मेल्लोनीने कसोशीने तपासलं. वायू मात्र हाती लागत नव्हते. वायूने गिळलेली उष्णता इतकी थोडी असे, की सुईवर तिचा पत्ताच लागत नसे.

१८५९ च्या मे महिन्यात टिंडलने ही गाठ सोडवली. त्याचं उपकरण जरा जवळून पाहण्यासारखं आहे. चार फूट लांबीची पितळी नळी, दोन्ही तोंडांना सैंधवाच्या घासून गुळगुळीत केलेल्या चकत्या. काच चालत नाही, कारण काच हे किरण स्वतःच अडवते. सैंधव त्यांना वाट देतं. नळीच्या एका टोकाशी उकळत्या पाण्याचा धातूचा डबा, हा उष्णतेचा उगम. दुसऱ्या टोकाशी थर्मोपाइल. अडचण अशी होती: उगम मंद ठेवला तर वायूने गिळलेला भाग नगण्य, आणि उगम प्रखर केला तर सुई पार टोकाला जाऊन बसे, आणि तिथे पोचलेली सुई लहानसहान फरकाने हलत नाही. टिंडलने थर्मोपाइलच्या दुसऱ्या तोंडासमोर उकळत्या पाण्याचा आणखी एक डबा ठेवला आणि मधला पडदा मागेपुढे करून दोन्ही बाजूंची उष्णता सारखी केली. सुई शून्यावर आली. दोन्ही पारड्यांत जड वजनं ठेवून काटा मधोमध आणलेल्या तराजूसारखी ही स्थिती. आता नळीत वायू सोडून एका बाजूची थोडी जरी उष्णता काढून घेतली, तरी सुई खाडकन झुकत असे.

सरळ मोजू नका, तुलना करा. टिंडलची ही युक्ती या घराण्याचा दुसरा वारसा आहे, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा. पुढची सगळी यंत्रं बदलली, हे एक बदललं नाही.

कोरडी, शुद्ध हवा नळीत भरली तर सुई जेमतेम हले. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन यांचीही तीच गत. पण कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ, अमोनिया, इथिलीन यांचा थोडासा अंश आला की सुई झुके. रंगहीन, सारखेच पारदर्शक दिसणारे वायू उष्णतेच्या नजरेला इतके वेगळे असतील, याची टिंडललाही कल्पना नव्हती. मग त्याने सुगंधी तेलांत बुडवलेल्या कागदावरून कोरडी हवा नेऊन तीही तपासली. चंदनाच्या तेलाचा दरवळ नुसत्या हवेच्या ३२ पट उष्णता अडवत होता, गुलाबाचं अत्तर ३६ पटींहून जास्त, आणि बडीशेपेच्या भावकीतलं अ‍ॅनिसीड तब्बल ३७२ पट. तेलाचा असा अंश कुठल्याही तराजूवर तोलता आला नसता.

इथे युनिस फूटचं नाव घ्यायलाच हवं. टिंडलच्या तीन वर्षं आधी, १८५६ साली, या अमेरिकन बाईने काचेच्या दोन नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली होती आणि कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं जास्त तापतं व सावकाश निवतं, असं नोंदवलं होतं. ऑल्बनीच्या विज्ञान परिषदेत तिचा निबंध जोसेफ हेन्रीने वाचला. काचेच्या भांड्यात आणि थेट उन्हात केलेल्या प्रयोगातून हर्शेलचे ते अदृश्य किरण वेगळे काढता येत नाहीत, म्हणून मोजमापाची वंशरेषा तिच्यापासून निघत नाही. पण दोन भांडी शेजारी ठेवून फरक पाहण्याची दृष्टी तिचीही होती, आणि तिचा विसर पडू देणं बरोबर नाही.

काही वायू उष्णता गिळतात आणि काही नाही, याचं कारण टिंडलला सांगता आलं नाही. ते पुढच्या शतकात उलगडलं. रेणूतले अणू एकमेकांना धरून सतत कंप पावत असतात. त्या कंपनात रेणूवरचा विद्युतभार इकडून तिकडे झुकत असेल, तरच त्याच लयीचा किरण रेणूला पकडता येतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या रेणूंत दोन अगदी सारखे अणू. ते कितीही हलले तरी भार एका बाजूला झुकत नाही, म्हणून किरण सरळ पार जातो. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास जोरात गिळतो, कार्बन मोनॉक्साइड ४.६७ च्या, मिथेन ३.३ च्या. हा ठसा प्रत्येक वायूचा आपापला असतो.

बॅरेटनंतर हे काम प्रयोगशाळेबाहेर पडायला पाऊण शतक लागलं. मधल्या काळात एक दुवा तयार झाला. १८८० साली अलेक्झांडर ग्रॅहम बेलला आढळलं, की प्रकाशझोत भराभर तोडून पदार्थावर टाकला तर पदार्थ आवाज करतो. पुढच्याच वर्षी टिंडलने आणि जर्मनीत राँटजेनने हा प्रयोग वायूंवर केला. बाटलीत भरलेल्या वायूवर तुटक उष्णताझोत सोडला की वायू तापतो, फुगतो, निवतो, आकसतो. दाबाच्या या चढउतारांचा नाद कानाला ऐकू येतो. जे वायू पितळी नळीत उष्णता गिळत होते तेच इथे गात होते, बाकीचे गप्प. म्हणजे वायूने किरण गिळला की नाही, हे आता त्याच्या दाबावरूनही कळत होतं.

त्यानंतरचा टप्पा ऱ्हाइनकाठच्या लुडविग्सहाफेनचा. तिथल्या ओपाउ कारखान्यात १९१३ पासून नायट्रोजन आणि हायड्रोजन जोडून अमोनिया बनत होता. कोक आणि वाफेपासून काढलेल्या हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याचा लवलेशही राहिला तर लोखंडी उत्प्रेरक निकामी होतो. असल्या कारखान्यात वायू नळातून अखंड वाहत असतो. ऑर्सॅट उपकरण घेऊन नमुना काढायचा, द्रावणांत एकेक वायू शोषवायचा, उरलेलं आकारमान वाचायचं, तोवर तो वायू केव्हाच पुढे निघून गेलेला असतो. रसायन-उद्योगाला हवं होतं सतत लिहितं राहणारं यंत्र.

ते आय. जी. फार्बेन या कंपनीत एर्विन लेहरर आणि कार्ल फ्रीडरिश लुफ्ट यांनी घडवलं. १९३८ चं पेटंट, १९४३ साली लुफ्टचा सविस्तर निबंध. उरास हे त्या यंत्राचं नाव. याच कंपनीने युद्धकाळात आउश्वित्झजवळ कैद्यांना वेठीला धरून कारखाना उभारला. यंत्राचं कौतुक करताना हे विसरता येत नाही. (लेनिनग्राडमध्ये व्हेइंगेरोव्हनेही १९३८ सालीच वायूचा आवाज ऐकून त्याचं प्रमाण काढण्याची पद्धत मांडली होती. कल्पनेची वेळ आली होती.)

लुफ्टच्या यंत्रात दोन तापलेल्या तारा, दोन शेजारी नळ्या. एका नळीतून तपासायचा वायू वाहतो, दुसरीत नायट्रोजन कोंडलेला. हा टिंडलचा दुसरा डबा, नव्या रूपात. फिरती चकती दोन्ही झोत सेकंदाला काही वेळा एकदमच तोडते. खरी करामत नळ्यांच्या शेवटी आहे. तिथे शेजारी शेजारी दोन बंद कप्पे असतात आणि दोन्हींत तोच वायू भरलेला असतो ज्याचा शोध घ्यायचा आहे. कार्बन मोनॉक्साइड मोजायचा तर कप्प्यांत कार्बन मोनॉक्साइड. दोन कप्प्यांच्या मधे धातूचा अतिशय पातळ पडदा, त्याच्यासमोर एक स्थिर पत्रा. दोन्ही मिळून कंडेन्सर मायक्रोफोन होतो. नमुन्यात कार्बन मोनॉक्साइड नसेल तर दोन्ही कप्पे सारखेच तापतात, दोन्हींकडून दाब सारखा, पडदा स्थिर. नमुन्यात तो असेल तर वाटेतच त्याचे किरण गिळले जातात, त्या बाजूचा कप्पा कमी तापतो आणि पडदा चकतीच्या तालावर थरथरू लागतो. जेवढा वायू जास्त तेवढी थरथर मोठी.

या रचनेत प्रिझम नाही. किरणांचे तुकडे करून हवी ती तरंगलांबी निवडण्याची गरजच उरत नाही, कारण कप्प्यातला वायू आपले किरण आपण ओळखतो, बाकीचे त्याला लागत नाहीत. दोन वायूंचे पट्टे एकमेकांवर चढतात तिथेही उपाय तोच: लुडबूड करणाऱ्या वायूने भरलेली आणखी एक छोटी नळी दोन्ही झोतांच्या वाटेत ठेवायची. त्याच्या वाट्याचे किरण आधीच नाहीसे होतात, मग नमुन्यात तो कमी-जास्त झाला तरी पडद्याला कळत नाही. वायूनेच वायू शोधायचा आणि वायूनेच वायू गाळायचा. इतकी स्वच्छ कल्पना तंत्रज्ञानाच्या इतिहासात क्वचित सापडते.

एक मर्यादा मात्र निसर्गाचीच आहे. वायू दुप्पट झाला म्हणून शोषण दुप्पट होत नाही. पहिल्या थराने बरेचसे किरण खाल्लेले असतात, पुढच्या थरांना उष्टंच मिळतं. त्यामुळे यंत्राचा आकडा सरळ रेषेत चढत नाही, तो वाकत जातो. चिमणीतल्या टक्क्यांसाठी नळी काही मिलिमीटरचीही पुरते, पीपीएमसाठी, म्हणजे दहा लाखांतल्या काही भागांसाठी, ती लांब करावी लागते. आणि दोन्ही टोकांना माहीत असलेल्या वायूंची सिलिंडरं जोडून रेषा तपासून घ्यावी लागते. कारखान्यातले लोक त्यांना झिरो गॅस आणि स्पॅन गॅस म्हणतात. सिलिंडर चुकलं तर यंत्र कितीही उत्तम असलं तरी आकडा चुकतो.

याचा सर्वांत मोठा धडा हवाई बेटावरच्या मौना लोआचा. मार्च १९५८ मध्ये चार्ल्स डेव्हिड किलिंगने सुमारे ३,४०० मीटर उंचीवरच्या वेधशाळेत अप्लाइड फिजिक्स कॉर्पोरेशनचा इन्फ्रारेड अ‍ॅनालायझर सुरू केला. पहिला आकडा ३१३ पीपीएम. नंतरचे आकडे चढून पुन्हा उतरू लागले, तेव्हा यातून काहीच हाती लागणार नाही की काय अशी त्याला धास्ती वाटली. दुसऱ्या वर्षी तोच चढउतार पुन्हा आला आणि उलगडा झाला: मे महिन्यात शिखर, पानं फुटून उत्तर गोलार्ध हिरवा झाला की घसरण. पृथ्वीचा श्वास, पीपीएमच्या काही अंकांत. त्या चढउतारावर दरवर्षी थोडीथोडी वाढत जाणारी दुसरी रेषाही होती.

एक-दोन पीपीएमचा फरक पकडायचा म्हणजे अर्ध्या टक्क्याचीही चूक चालत नाही. किलिंग हवेतली वाफ गोठवून काढून टाकत असे आणि हवा व संदर्भ-वायू आलटून पालटून त्याच यंत्रातून नेत असे. संदर्भ-सिलिंडरांचे आकडे तो मॅनोमीटरवर, इन्फ्रारेडशी संबंध नसलेल्या वेगळ्याच पद्धतीने ठरवत असे. तरी एक फट राहिली. ती सिलिंडरं नायट्रोजनमध्ये कार्बन डायऑक्साइड मिसळून भरलेली होती. हवेत ऑक्सिजनही असतो. ऑक्सिजन स्वतः किरण गिळत नसला तरी शेजारच्या कार्बन डायऑक्साइडच्या शोषणरेषांची रुंदी तो नायट्रोजनपेक्षा वेगळ्या प्रमाणात बदलतो. १९७५ च्या सुमारास हा परिणाम नीट मोजला गेला, तेव्हा जगभरच्या जुन्या आकड्यांत काही पीपीएमची दुरुस्ती करावी लागली. वाढीचा कल त्याने पुसला गेला नाही, पण तुलनेचा वायू नमुन्यासारखाच हवा, हे सर्वांनी मनावर घेतलं. किलिंगचा तो अ‍ॅनालायझर २००६ पर्यंत चालला. मे २०१३ मध्ये मौना लोआचा दैनिक आकडा प्रथमच ४०० च्या पुढे गेला.

बॅरेटचा उच्छ्वास दरम्यान शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी पोचला होता. भूल दिलेल्या रुग्णाच्या नळीला जोडलेला कॅप्नोग्राफ हा याच कुळातला. प्रत्येक श्वासाबरोबर पडद्यावर कार्बन डायऑक्साइडची टेकडी उमटते. नळी श्वासनलिकेऐवजी चुकून अन्ननलिकेत गेली तर टेकडी उमटत नाही, आणि भूलतज्ज्ञाला काही श्वासांतच कळतं. या एका उपयोगासाठीही हे यंत्र शोधलं जाणं सार्थ ठरलं असतं.

आपल्याकडे सर्वसामान्य माणसाची या घराण्याशी गाठ पडते ती पीयूसी केंद्रावर. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये प्रोब घातला की पंप धूर ओढतो, पाणी आणि काजळी गाळणीत अडते, आणि वायू नळीत शिरतो. आता लुफ्टच्या कप्प्यांऐवजी बहुधा छोटे फिल्टर आणि सेन्सर असतात: एक कार्बन मोनॉक्साइडच्या पट्ट्यावर, एक हायड्रोकार्बनच्या, एक कार्बन डायऑक्साइडच्या आणि एक अशा तरंगलांबीवर जिथे धुरातला कुठलाच वायू फारसं गिळत नाही. हा शेवटचा म्हणजे टिंडलचा दुसरा डबा. दिवा मंदावला किंवा खिडकी मळली तर त्याच्या आकड्यावरून कळतं. ऑक्सिजन मोजायला मात्र याच खोक्यात वेगळी रासायनिक सेल बसवावी लागते, आणि ती काही काळाने संपते. ऑक्सिजन इन्फ्रारेडला दाद देत नाही, हे १८५९ लाच ठरून गेलं होतं. (डिझेल गाडीची तपासणी वेगळी, तिथे धुराचा काळेपणा मोजतात.) ही यंत्रं वापरात येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थांकडून त्यांची तपासणी होते.

यंत्र मान्यताप्राप्त असलं तरी प्रोब कसा घातला जातो यावर सगळं अवलंबून आहे. तो सायलेन्सरच्या तोंडाशी नुसता टेकवला की बाहेरची हवा मिसळते आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा आपोआप सोज्वळ होतो. हे पकडणं अवघड नाही. चार वायूंच्या यंत्रावर कार्बन डायऑक्साइडचा आकडा वाचावा. पेट्रोल नीट जळत असेल तर तो तेरा-चौदा टक्क्यांच्या घरात असतो. तो सहा-सात असेल आणि ऑक्सिजन चढलेला असेल, तर मोजला गेला तो धूर नव्हे, रस्त्यावरची हवा. सर्टिफिकेट घेण्याआधी गाडीवाल्याने तो एक आकडा बघण्याची सवय लावून घेतली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. गाडी आपली असते, आणि हवाही.

घराण्यातलं सर्वांत धाकटं अपत्य म्हणजे खोलीतल्या हवेचा कार्बन डायऑक्साइड दाखवणारा, तळहातावर मावणारा मीटर. करोनाच्या काळात वर्गखोल्या आणि दवाखान्यांत हवा खेळती आहे का, हे पाहायला तो अनेकांनी घेतला. इथे सिलिंडर कुणी जोडत नाही. म्हणून यातल्या अनेक सेन्सरांत एक गृहीतक भरलेलं असतं: साधारण आठवडाभरातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा, म्हणजेच ४०० पीपीएम, आणि मीटर स्वतःला त्यावर जुळवून घेतो. खोली आठवड्यातून एकदाही पूर्ण रिकामी आणि उघडी राहत नसेल, तर हा मीटर कोंदट हवेलाच ताजी समजू लागतो. शिवाय बाहेरची हवा आता ४०० ची राहिलेली नाही. ती ४२० च्या वर गेली आहे, आणि शहरात त्याहूनही जास्त असते.

असा मीटर घरात असेल तर त्याला अधूनमधून गच्चीवर न्यावं, थेट उन्हात न ठेवता अर्धा तास मोकळ्या हवेत राहू द्यावं, श्वास त्यावर पडू देऊ नये, आणि पुस्तिकेत दिलं असेल तर आजचा आकडा हाताने भरावा. वेळ दुपारची, वारं वाहत असतानाची बरी. पहाटे नको, रात्रभर झाडांच्या आणि मातीच्या श्वसनाने, हवा थंड व स्थिर असल्याने, जमिनीलगतचा कार्बन डायऑक्साइड पहाटे चढलेला असतो.